तेल सुटेपर्यंत

नागपूरहून वर्धा, देवळी करत यवतमाळकडे निघालं, की कळंब लागतं. महाराष्ट्राला हे गाव चिंतामणी गणपतीमुळे ठाऊक आहे, आणि २८ फेब्रुवारी २०२४ पासून वर्ध्याहून इथवर रेल्वेही येते. विदर्भातल्या अशा हमरस्त्यांवर ‘सावजी भोजनालय’ असे फलक सतत दिसत राहतात. त्यातली बरीचशी भोजनालयं एकेका घराची. मसाला आई वाटते, चुलीपाशी बाप किंवा मावशी, वाढायला आणि पैसे घ्यायला मुलगा. नागपूरच्या विणकर कोष्टी समाजाच्या घरांतून निघालेली ही पद्धत आता सगळ्या विदर्भाची झाली आहे.

पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला, ब्युनोस आयरेसमध्ये, अशीच घरगुती खाणावळ असते. तिला तिथे पारिशा म्हणतात. पाब्लो रिवेरो यांनी १९९९ साली घरच्या माणसांना बरोबर घेऊन सुरू केलेली ‘दोन हुलियो’ ही त्यांतली आज जगभर गाजलेली. २०२३ मध्ये तिला मिशेलिनचा तारा मिळाला. तिथे गंज (मटणाचं पातेलं) नाही, वाटण नाही, रस्सा नाही. लोखंडी जाळी, खाली निखारे, वर गोमांसाचे जाड काप आणि जाडं मीठ. शेजारी वाटीत चिमिचुर्री, म्हणजे लसूण, पार्सली, ओरेगॅनो, व्हिनेगर आणि तेल यांची चटणी. अर्जेंटिनाचा माणूस वर्षाला सरासरी ५० किलोच्या आसपास गोमांस खातो. महाराष्ट्रात २०१५ च्या सुधारित कायद्यानंतर गोवंशाचं मांस विकता येत नाही, म्हणून तो काप कळंबच्या ताटात येणार नाही. पण जाळी आणि गंज या दोन्हींखाली एकच पदार्थविज्ञान आहे, आणि बोटी चावताना ते सहज पटतं.

माझं म्हणणं असं, की सावजीचं सगळं श्रेय आपण मसाल्याला देतो आणि आचेवर अन्याय करतो. मांसाचं काय होणार हे मिरची-खसखस पडण्याआधीच ठरू लागलेलं असतं. ते ठरतं जनावराच्या कोणत्या स्नायूनं किती काम केलं यावर, आणि त्या स्नायूला आपण किती आच किती वेळ देतो यावर.

कच्च्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. उरलेल्यात मुख्यतः प्रथिनं, आणि त्यांतली तीन इथे महत्त्वाची. मायोसिन आणि ॲक्टिन ही स्नायूला आकुंचन देणारी प्रथिनं. तिसरं कोलॅजन. स्नायूचे धागे ज्या वेष्टणात बांधलेले असतात, ते वेष्टण कोलॅजनचं. मायोसिन ५० ते ५५ अंश सेल्सिअसला गोठतं आणि लिबलिबीत मांस घट्ट होतं. ॲक्टिन साधारण ६६ ते ७३ अंशांच्या दरम्यान गोठतं. तेव्हा धागे आवळले जातात, रस पिळून बाहेर पडतो आणि मांस कोरडं, रबरी होतं. स्टेक अर्धकच्चा ठेवणाऱ्याची सगळी धडपड आतलं तापमान ५५-५७ अंशांवर रोखण्याची असते. कापावर दिसणारा तांबडा रस रक्ताचा नसतो. स्नायूत प्राणवायू साठवणाऱ्या मायोग्लोबिनचा तो रंग. साठ अंशांच्या पुढे तोही करडा होत जातो.

कोलॅजनचा हिशेब मात्र उलटा आहे. तीन पेड एकमेकांत पिळलेला हा दोर ६०-६५ अंशांना आखडतो आणि मांस आणखी चिवट करतो. सत्तरच्या पुढे, ओलाव्यात, तासन्‌तास राहिल्यावर त्याचे पेड सुटतात आणि त्याचं जिलेटिन होतं. जनावर जितकं वयस्क, जितकं चालणारं, तितक्या या दोरातल्या आडव्या गाठी पक्क्या. गाईच्या पाठीचा स्नायू फारसं काम करत नाही, त्यात कोलॅजन थोडं. त्याला मिनिटांची आच पुरते. विदर्भातली बेरारी शेळी दिवसभर माळावर, धुऱ्यांवर, झुडपांचा पाला ओरबाडत हिंडते. तिच्या मांडीचा, फऱ्याचा स्नायू हा कष्टकऱ्याचा स्नायू. तो जाळीवर दहा मिनिटं टाकला तर चामडं चावल्यासारखं लागेल. त्याला गंजच हवा.

म्हणजे अर्जेंटिनाची रीत झटपट आणि आपली संथ, असं समजायचं का? नाही. आसादो, म्हणजे अर्जेंटिनाचं निखाऱ्यावरचं मांस भाजणं, जवळून पाहिला की ही विभागणी मोडते. त्याच गाईची बरगडी आणि पोटाकडचा पट्टा यांत कोलॅजन भरपूर असतं, आणि आसादोर, म्हणजे आच सांभाळणारा माणूस, ते तुकडे मंद निखाऱ्यावर दोन-दोन तास ठेवतो. आपल्याकडेही कलेजी दोन परतण्यांत उतरवतात, कारण यकृतात स्नायूसारखं कोलॅजनचं जाळं नसतं, आणि जास्त शिजली तर ती खडूसारखी भुसभुशीत होते. रीत देशाची नसते, स्नायूची असते. दोन्हीकडच्या घरांनी ती शतकभर हात भाजून घेत शोधून काढली.

आणखी एक फरक शीतगृहाचा आहे. जनावर कापल्यावर स्नायूतली ऊर्जा संपते, धागे एकमेकांत अडकतात आणि मांस ताठरतं. थंडीत दोन-चार आठवडे टांगून किंवा बंद ठेवलं, की स्नायूतली कॅल्पेन नावाची विकरं धाग्यांना आधार देणारी प्रथिनं हळूहळू कुरतडतात आणि मांस मऊ पडतं. अर्जेंटिनाला थंडीचं महत्त्व व्यापारानं शिकवलं. १८७६ मध्ये शार्ल तेलिए या फ्रेंच अभियंत्याची यंत्रणा बसवलेलं ‘फ्रिगोरिफिक’ जहाज थंड ठेवलेलं मांस घेऊन ब्युनोस आयरेसला पोचलं, आणि त्या देशाचं अर्थकारणच पालटलं. आपल्याकडे रविवारी सकाळी कापलेला बोकड दुपारी ताटात येतो. विकरांना मिळाला नाही तो वेळ चुलीला द्यावा लागतो.

बोटीचा आकारही उगाच ठरलेला नाही. मांसातून उष्णता पाण्यातून वाहावी तितक्याच संथपणे आत जाते, आणि जाडी दुप्पट केली तर मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ चौपट होतो. म्हणून जाळीवरचा जाड काप सोपा नाही: बाहेर दीडशे अंशांच्या वर, आत पंचावन्न, आणि मधल्या प्रत्येक थराला वेगळं तापमान. गंजातली लहान बोटी आतबाहेर शंभर अंशांच्या जवळ जाते आणि तिथेच राहते, कारण पाणी त्याहून वर जाऊ देत नाही. कुकरमध्ये दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि कोलॅजन झपाट्यानं विरघळतं. घरी वेळ नसेल तर कुकर वापरावा, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त शिट्टीच्या घाईत ॲक्टिननं पिळून काढलेला रस पुन्हा धाग्यांत शिरत नाही, हे लक्षात ठेवावं.

आता रंग आणि वास. १९१२ मध्ये लुई-कामिय मायार या फ्रेंच वैद्य-रसायनज्ञानं साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापवली आणि मिश्रण तपकिरी होताना पाहिलं. भाजलेल्या मांसाचा, भाकरीच्या पापुद्र्याचा, परतलेल्या कांद्याचा वास या एका अभिक्रियेच्या शेकडो शाखांतून येतो. तिला वेग यायला साधारण १४० अंश लागतात, आणि पाणी असेपर्यंत पृष्ठभाग शंभरच्या वर जात नाही. आसादोर जाळी आधी तापवतो, काप कोरडा ठेवतो, तो यासाठी. त्याच्या आधीच्या पिढ्यांना शिकवलं गेलं होतं, की मोठ्या आचेवर कड भाजली की रस आत ‘कोंडला’ जातो. ही समजूत यूस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनज्ञानं १८४७ च्या सुमारास पसरवली. त्याच्या नावाच्या कंपनीनं पुढे अर्जेंटिनाच्या सीमेवरच्या नदीकाठी, उरुग्वेतल्या फ्राय बेंतोसला, मांसाचा अर्क काढण्याचा प्रचंड कारखाना चालवला. विसाव्या शतकात तुकडे आधी आणि नंतर तोलून पाहिले, तेव्हा कड भाजल्यानं रस कोंडत नाही हे दिसलं. कड भाजायची ती चवीसाठी.

सावजीच्या गंजात रस्सा असतो, मग तिथे मायार कुठून येतो? तो येतो पाणी घालण्याआधी. कांदा, सुकं खोबरं, खसखस, धने, दगडफूल भाजून वाटतात, वाटण तेलात परततात आणि परततच राहतात. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला चुलीजवळची मावशी सांगते, ‘थांब न बाप्पा, तेल तं सुटू दे अजून.’ तेल सुटणं हे माझ्या मते स्वयंपाकघरातलं सगळ्यात सुंदर मोजमाप आहे. वाटणात पाणी असतं तोवर तेल आणि पाणी घोटून एकजीव झालेलं असतं, तापमान शंभरला अडकलेलं असतं. पाणी उडालं की तो मिलाफ तुटतो, तेल कडेनं वेगळं होतं, आणि त्याच क्षणापासून तापमान चढू लागतं. काट्यावाचून, आकड्यावाचून डोळ्यांना सांगणारी ही खूण आहे, की आता मायारची हद्द सुरू झाली.

आसादोरचं मोजमाप तळहात आहे. निखाऱ्यावर हात धरायचा आणि चटका असह्य होईपर्यंत सेकंद मोजायचे. चार-पाच सेकंद निघाले तर आच मध्यम. यामागे प्रारणाचा नियम आहे: तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणारी ऊर्जा तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानं वाढते. ६३० अंशांचा निखारा फुंकर मारून ७३० वर नेला, तर त्याची झळ दीडपट होते. म्हणून एका फुंकरीनं हाताला लगेच फरक कळतो, आणि म्हणूनच जाणता माणूस ज्वाळेवर भाजत नाही. लाकडातले वायू जळून गेले, ज्वाळ विझली, फक्त कोळसा लाल राहिला, की आच स्थिर होते.

आणि इथे यवतमाळच्या माणसाला काही ओळखीचं वाटायला हवं. आसादोचा आपल्याकडचा खरा भाऊ मटण नाहीच, रोडगे आहेत. शेतात किंवा देवळाच्या आवारात गोवऱ्या रचून पेटवायच्या, ज्वाळ ओसरू द्यायची, मग कणकेचे गोळे निखाऱ्यात आणि राखेत पुरायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. मोकळ्या आभाळाखाली, बहुधा पुरुषांच्या हातचं, शंभर माणसांच्या पंगतीसाठी. शेण म्हणजे जनावराच्या पोटातून न पचता आलेले गवताचे तंतू. ते घट्ट थापलेले असल्यानं हवा आत कमी शिरते आणि गोवरी तासन्‌तास धुमसते. राख उष्णता अडवते, त्यामुळे गोळा जळत नाही. आत स्टार्च फुगून शिजतो, बाहेर तीच मायारची तपकिरी साल धरते. शाकाहारी माणसानं अर्जेंटिना चाखायचा असेल, तर रोडग्यांच्या पंगतीत बसावं.

मसाल्यावर मी अन्याय करू नये, म्हणून त्याची बाजूही. बोकडाच्या मांसाला जो उग्र वास असतो, तो मुख्यतः ४-इथाइलऑक्टॅनॉइक आम्लाचा. खच्ची न केलेल्या बोकडात तो जास्त, म्हणून जाणकार गिऱ्हाईक खस्सीचं मटण मागतं. आलं, लवंग, दालचिनीचे तीव्र गंध त्या वासाला मागे ढकलतात. रश्श्यावर तरंगणारी तर्री लाल का? मिरचीचा रंग, कॅप्सॅन्थिन, पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तिखटपणा देणारं कॅप्सायसिनही तसंच. मिरची मुळात दक्षिण अमेरिकेच्या अँडीज भागातली. पोर्तुगिजांबरोबर ती भारतात आली. त्याच खंडातल्या आसादोरला ती चिमुटभर पुरते आणि विदर्भाला मूठभर लागते. कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला चिकटतं, तो ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखणारा आहे, म्हणून मेंदूला तोंड भाजल्याचाच निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये हा ग्राही शोधला आणि २०२१ चं नोबेल आर्डेम पटापूटियन यांच्यासह मिळवलं. तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. दह्यातली स्निग्धता आणि केसिन कॅप्सायसिन धुऊन नेतात.

प्रकृतीचा भागही सांगायला हवा. चरबी निखाऱ्यावर टपकली की धुरातून कर्करोगाशी संबंध असलेली बहुचक्रीय संयुगं मांसावर बसतात. शिवाय फार तापलेल्या स्नायूत क्रिएटिन आणि अमिनो आम्लांपासून आणखी एक घातक गट तयार होतो. तो १९७० च्या दशकात जपानमध्ये ताकाशी सुगिमुरा यांच्या गटानं दाखवून दिला. पाण्यात शिजवताना ही दोन्ही संयुगं फारच कमी बनतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये लाल मांस ‘बहुधा कर्ककारक’ गटात टाकलं, तेव्हा त्यात बोकडाचं मांसही धरलं आहे. आठवड्याची एक बोटी आणि रोजची परात यांत फरक करावा.

कोलॅजनचं खरंखोटं घरी तपासता येतं. रात्रीचा रस्सा उरला तर थंडीत किंवा फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरट थर आणि खाली थरथरणारा घट्ट रस्सा दिसेल. वरची चरबी, खालचं जिलेटिन. गंज अगदी मंद आचेवर ठेवा. खालचा थर पस्तीस अंशांच्या आतच पातळ होईल, वरचा मात्र चाळिशी ओलांडल्याशिवाय पुरता विरघळणार नाही. रस्सा थिजलाच नसेल, तर पाणी जास्त झालं होतं, किंवा मटण चुलीवरून लवकर उतरलं होतं.