हाडातली अदलाबदल

हदगावहून पूर्वेकडे गेले की किनवट तालुका लागतो. तिथल्या ग्रॅनाइट खडकातल्या काही विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. शरीररचना शिकणाऱ्या मुलांनी आयन म्हणजे काय ते इथूनच शिकावे, असे मला मनापासून वाटते.

हाडांचा नि दातांचा कठीणपणा हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटचा: 10 कॅल्शियम, 6 फॉस्फेट, 2 हायड्रॉक्सिल. फ्लोराइड आयनावर हायड्रॉक्सिलइतकाच एक ऋण भार असतो, आकारही जवळपास तेवढाच. म्हणून तो हायड्रॉक्सिलची जागा सहज घेतो. थोड्या प्रमाणात हे चांगलेच. नवा स्फटिक आम्लात कमी विरघळतो, म्हणून टूथपेस्टमध्ये फ्लोराइड घालतात. पण लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, की लहानपणी घडणाऱ्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. पुढे सांधे आखडतात, अस्थिबंधांत कॅल्शियम साचते, पाठ वाकते.

पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी बांधले जाऊन खाली बसते. कॅल्शियम कमी असलेल्या मऊ पाण्यात फ्लोराइड विरघळलेलेच राहते. असे पाणी चवीला वाईट लागत नाही. उकळूनही फ्लोराइड जात नाही. वाफ उडते, ते मागे राहते, उलट दाट होते. पाणी तपासूनच घ्यावे लागते.