मोबाइलमधला पुरावा

सकाळी ७
पहिल्या एसटीनं आलेला मुलगा ओट्यावर बसलाय. शिरवळच्या एका कारखान्यात आठ वर्षं एकाच मशीनवर होता. सोमवारी गेटवर कार्ड चाललं नाही. "मॅडम, ठेकेदार म्हणतो काँट्रॅक्ट संपलं. कंपनी म्हणते, तू आमचा कधी नव्हतासच."

पीएफचं पासबुक उघडायला सांगते. एकाच यूएएनखाली तीन ठेकेदार. एकाची नोंद थांबते तिथेच पुढच्याची सुरू होते. गेटपास मात्र कायम कंपनीच्याच शिक्क्याचा. मला हवं ते व्हॉट्सॲपवर सापडतं. बहिणीच्या लग्नासाठी रजा मागितलीय कंपनीच्या सुपरवायझरकडे, आणि "ओके, ४ दिवस" हे उत्तरही त्यांचंच. ठेकेदाराला कुणी विचारलेलंच नाही. रजा कोण देतं, काम कोण सांगतं, कामावरून कोण काढतं, याच प्रश्नांवर असा दावा उभा राहतो.

सकाळी ९:३०
टिपणं काढायला बसते. स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये सांगितलं, की ठेका पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप कंपनीचा होत नाही. ठेका हा निव्वळ देखावा असेल तर मात्र तो कंपनीचाच. त्याच वर्षी कल्याणी स्टील्स आणि सिप्ला यांच्या खटल्यांत ठरलं, की मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर अनुचित कामगार प्रथांची तक्रार चालत नाही. आधी नातं सिद्ध करून या. म्हणजे ज्याच्याकडे कागद नाही त्यानंच कागद आणायचा. हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. नियुक्तिपत्र सक्तीचं झालं, याचं मी मनापासून स्वागत करते. मुदतीच्या कामगाराला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी मिळेल, हेही चांगलं. पण मुदत संपून गेलेली नोकरी कामगार-कपातीत धरली जात नाही. मुख्य कामात ठेका नको म्हटलंय, आणि लगेच अपवादही दिलेत. पुढची भांडणं त्या अपवादांवरच होणार.

सकाळी ११
भोरचं कोर्ट. वाटणीचा दावा, वहिवाटीचा रस्ता, दोन चेक बाउन्स. तारखा पडल्या.

दुपारी २
वेल्ह्याकडच्या बचत गटाच्या ताई इंद्रायणी तांदळाची नमुना पिशवी घेऊन आल्यात. वर राजगड, त्याखाली महाराजांचं चित्र. "नाव आमचंच राहायला हवं, मॅडम." महाराजांचं नाव आणि चित्र व्यापारासाठी वापरायला १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्यानं मनाई आहे, त्यामुळे ते ट्रेडमार्कच्या नोंदणीलाही चालत नाही. नुसतं 'राजगड' घ्यावं, तर ते ठिकाणाचं नाव. आता तर अख्खा तालुकाच राजगड. एकट्या गटाला त्यावर मालकी कशी मिळेल? आजऱ्याच्या घनसाळला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ते त्या मुलखातल्या उत्पादकांचं असतं. यांना हवाय स्वतःचा ब्रँड. ताईंचे चेहरे उतरले. मग त्यांच्याच खाचराचं जुनं नाव निघालं, "जांभळीची खाचरं". ते घ्यायचं ठरलं: वर्ग ३०, लहान उद्योग म्हणून फी ४,५०० रुपये.

दुपारी ४
नीरा देवघर धरणात जमीन गेलेले आजोबा. "वकीलबाई, नोटीस आमच्या घरी आलीच नव्हती." १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं मालमत्ता मूलभूत हक्कांतून निघाली, पण त्याच दुरुस्तीनं अनुच्छेद ३००अ आला. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यातून सात हक्क उलगडून दाखवले. पहिला नोटिशीचा, दुसरा म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा. आजोबांना फेरफार आणि निवाड्याची नक्कल काढायला सांगितली. उशीर झालाय, हे लपवलं नाही. पण कायदेशीर प्रक्रियेशिवाय घेतलेल्या जमिनीबाबत सरकारला उशिराचा आडोसा घेता येत नाही, असं २०२० मध्ये विद्यादेवींच्या खटल्यात म्हटलंय. तेवढा धागा पुरेल का, ते कागद आल्यावरच कळेल.

रात्री ८
सकाळच्या मुलाचा कारखाना नीरेच्या पलीकडे, खंडाळा तालुक्यात. म्हणून अर्ज पुण्याला नाही, साताऱ्याला. मसुदा निम्मा झालाय तोच त्या मुलाचा फोन. "मॅडम, नव्या ठेकेदाराच्या नावावर परत घेतो म्हणतायत. आधी एका कागदावर सही मागतायत." तो राजीनामाच असणार. "कामावर जा," मी सांगते, "घर चालायला हवं. पण सही करायच्या आधी कागदाचा फोटो मला पाठव. आणि तो फोन विकू नकोस, मेसेज पुसू नकोस."

पंधरा मिनिटांत फोटो आला. राजीनामाच होता, आणि तारीख मागच्या महिन्याची.