आरशापेक्षा घड्याळ बरे

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की खाप्याबाहेरच्या रस्त्यांवर पहाटे पाचपासून पावलांचे आवाज सुरू होतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटरची धाव आणि गोळाफेक. जागा थोड्या आणि उमेदवार अफाट. धावणाऱ्यांपैकी बहुतेकांची निवड होणार नाही, हे त्यांनाही ठाऊक असते. परंतु दवाखान्यात बसून मी या मुलामुलींना वर्षानुवर्षे पाहतो आहे, आणि एक बदल हमखास दिसतो. पहिल्या महिन्यात आईच्या आडून हळूच बोलणारी मुलगी तिसऱ्या महिन्यात स्वतः खुर्ची ओढून बसते आणि विचारते, "डॉक्टरसाहेब, माझं हिमोग्लोबिन किती भरलं?" भरतीचा निकाल अजून लागायचा असतो. मग हा धीर आला कुठून?

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली याचे एक उत्तर मांडले. 'हे मला जमेल' असा विश्वास माणसाला अनेक वाटांनी मिळतो. कुणी पाठीवर थाप मारतो, कुणी आपल्यासारख्याच दुसऱ्याला यश मिळालेले पाहतो. परंतु सर्वांत पक्का विश्वास येतो तो स्वतः एखादी अवघड गोष्ट करून दाखवल्यावर. घरातल्यांनी शंभर वेळा 'तू हुशार आहेस' म्हटले तरी मन म्हणते, हे तर आपलेच लोक, असेच म्हणणार. काल दोनदा थांबून पुरे केलेले अंतर आज न थांबता पुरे झाले, याला मात्र मन खोटे म्हणू शकत नाही. शरीराचा हिशेब रोकडा असतो. म्हणूनच व्यायामाने येणाऱ्या आत्मविश्वासासाठी आरसा पाहू नये, घड्याळ पाहावे.

आरसा तसाही उशिरा बोलतो. व्यायाम सुरू केल्यावर पहिले काही आठवडे ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागतात म्हणून. स्नायूंची जाडी नंतर वाढते. दंड तेवढाच दिसतो, पण पाण्याची घागर हलकी वाटू लागते. ज्याची नजर फक्त दंडावर आहे तो याच टप्प्यावर कंटाळून सोडून देतो.

आणखी एक गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. मुलाखतीला आत बोलावले की छाती धडधडते, श्वास भरतो, तळहात ओले होतात. घाबरलेला माणूस या धडधडीलाच भितो आणि धडधड आणखी वाढते. रोज धावणाऱ्याला मात्र ही धडधड ओळखीची असते. रोज पहाटे ती येते आणि थांबल्यावर काही मिनिटांत ओसरते, हे त्याने शेकडो वेळा अनुभवलेले असते. त्यामुळे साहेबांसमोर छाती उडू लागली तरी तो तितका गांगरत नाही.

याचे महाराष्ट्रातले मोठे उदाहरण म्हणजे मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातील हा सैनिक उत्तम मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात त्याला गोळ्या लागल्या आणि कमरेखालची शक्ती गेली. ज्या शरीराच्या जोरावर सारा रुबाब, त्याच शरीराने साथ सोडली! पोहणे त्याच्याकडे आले ते उपचाराचा भाग म्हणून. त्या उपचारातून १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक आले. पॅरालिम्पिकमधले भारताचे हे पहिले सुवर्ण. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला यातले पदकापेक्षा त्याआधीचे दिवस मोठे वाटतात. पाय चालत नसताना हातांच्या बळावर पाण्यात पहिले काही हात मारले असतील, त्या दिवशी टाळ्या वाजवायला कोण होते?

आता नाण्याची दुसरी बाजू. आजकाल जिममध्ये पंधरा दिवसांत 'बॉडी' करून देणारी इंजेक्शने मिळतात. ती बहुधा पुरुषी संप्रेरकांची असतात. बाहेरून मिळू लागली की शरीर स्वतःचे संप्रेरक बनवणे थांबवते. वृषण आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, छाती बायकांसारखी वाढू शकते, यकृताला आणि हृदयाला धोका पोचतो, स्वभाव चिडका होतो. सोडल्यावर शरीर उतरते आणि त्याबरोबर मनही खचते. पोरगा लाजेने महिनोन्‌महिने सांगत नाही. ज्यांनी घेतली असतील त्यांनी न लाजता डॉक्टरांना सांगावे, एवढीच विनंती.

आपल्या भागातल्या पालकांना मला विशेष सांगायचे आहे ते रक्ताबद्दल. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी असते. हिमोग्लोबिन आठ असलेली मुलगी मैत्रिणींबरोबर धावायला लागते, दोनशे मीटरवर तिला धाप लागते, मुली हसतात आणि ती ठरवून टाकते की आपल्यात दमच नाही. वास्तविक कमी आहे ते लोह. जिद्दीत काहीच उणे नाही! आधी रक्त तपासा. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका. त्यासोबत लिंबू किंवा संत्रे खावे, लोह चांगले शोषले जाते. संत्र्याच्या मुलखात हे सांगावे लागते, हेही नवलच.

त्याच वेळी सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी. विदर्भात हा आजार अनेक घरांत आहे आणि सरकारी दवाखान्यांत त्याची तपासणी होते. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याने अति श्रम, तहान आणि कडाक्याची थंडी टाळून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बेताचा व्यायाम करावा. जो केवळ वाहक आहे त्याला व्यायामाची बंदी नाही. त्याने सराव हळूहळू वाढवावा, पाणी भरपूर प्यावे आणि मे महिन्याच्या उन्हात ईर्ष्येने धावू नये. तसे मे महिन्यातले ऊन कुणालाच सोडत नाही. सूर्य वर यायच्या आत सराव उरकावा.

ज्यांना भरती नको, नोकरी नको, त्यांचे काय? हातमागावर तासन्‌तास बसलेल्या विणकराची पाठ आखडते. स्वयंपाक, धुणी, शेत यांत दिवस घालवणाऱ्या ताई म्हणतात, "आमचा व्यायाम होतोच की." काम होते हे खरेच, पण ते दुसऱ्यांसाठी आणि दुसऱ्यांच्या वेळेवर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. घाबरू नका, दहा मिनिटे झपाझप चालण्यापासून सुरुवात करा. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सलग किती वेळा उठता येते ते मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. साठी ओलांडलेल्या माणसाला पडण्याची भीती घराबाहेर पडू देत नाही. त्या भीतीवर पायांच्या ताकदीचा हा व्यायाम बराच गुणकारी ठरतो. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी तपासून घ्यावे.

शिक्षकांशीही दोन शब्द. खेळाचा तास गणिताला देऊन टाकण्याची प्रथा आहे, ती सोडावी. आणि शर्यतीत नेहमी शेवटी येणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर पळवून हसे केल्यास त्याचा उरलासुरला धीरही जातो. त्याची तुलना त्याच्याच मागच्या आठवड्याशी करावी. मुलांवर झालेल्या २३ प्रयोगांचा एकत्रित आढावा २००४ साली निघाला. व्यायामाने त्यांचा स्वतःविषयीचा आदर निदान काही काळ वाढतो, असे त्यात दिसले. प्रयोग लहान होते, त्यामुळे फार मोठा दावा मी करणार नाही.

व्यायाम म्हणजे प्रत्येक मनोव्यथेवरचा रामबाण, असे तर मुळीच म्हणणार नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर अशा मुलाला 'जरा धावून ये, बरं वाटेल' म्हणून वाटेला लावू नका. त्याला उपचार हवेत. डॉक्टरकडे घेऊन या, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा. तेथे रात्री-अपरात्रीही बोलता येते.