उताणा हात, पालथा हात

देवळात पुजारीबुवा तीर्थ द्यायला आले, की तुम्ही हात कसा पुढे करता? तळवा वर, मध्ये खोलगट. आणि कॅरमचा स्ट्रायकर मारताना? तळवा खाली. हात तोच, नुसता फिरला. एवढ्याशा फिरण्याला डॉक्टरांकडे भारदस्त नावं आहेत. तळवा वर वळवणं म्हणजे सुपिनेशन, खाली वळवणं म्हणजे प्रोनेशन.

नावं ऐकून दचकू नका. ती आली लॅटिन भाषेतून. तिथे 'सुपिनस' म्हणजे पाठीवर पडलेला आणि 'प्रोनस' म्हणजे पुढे झुकलेला, तोंड खाली केलेला. अरे, हे तर आजीचेच शब्द! पाठीवर झोपलेलं बाळ उताणं, वळून पोटावर आलं की पालथं. आपला 'उताणा' संस्कृतातल्या 'उत्तान'वरून आला, आणि त्याचाही अर्थ तोंड वर करून पडलेला. इतक्या लांबच्या दोन भाषांना एकच चित्र सुचावं, याचं मला फार नवल वाटतं.

आता आतली करामत. कोपर ते मनगट यांच्यामध्ये दोन हाडं असतात. करंगळीच्या बाजूचं अल्ना, अंगठ्याच्या बाजूचं रेडियस. हात उताणा असला की दोघं रेल्वेच्या रुळांसारखी शेजारी शेजारी. हात पालथा केलात, की अल्ना जवळजवळ जागेवरच राहतं आणि रेडियस त्याच्यावरून तिरकं जातं. चक्क फुली होते! खोटं वाटतंय? कोपर काटकोनात वाकवा. त्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या किंचित पुढे, मनगटाच्या दिशेने, दुसऱ्या हाताचं बोट ठेवा आणि तळवा वर-खाली फिरवा. बोटाखाली काहीतरी गोल फिरतंय ना? ते रेडियसचं डोकं.

कोपर तसंच वाकलेलं ठेवून आता दंडातल्या बेटकुळीवर बोट ठेवा. हात जोर लावून उताणा करा. बेटकुळी टणक झाली! तिची दोरी रेडियसला बांधलेली असते. हात पालथा होताना ती हाडाभोवती गुंडाळली जाते. बेटकुळीने ओढली की दोरी उलगडते आणि हाड गर्रकन वळतं, जाळी ओढल्यावर भोवरा फिरतो तसं.

म्हणूनच उजव्या हाताने स्क्रू पिळून घट्ट करायला छान जोर मिळतो, कारण तेव्हा हात उताणा होत असतो. डावखुऱ्यांचं उलटं. त्यांचा हात उताणा होतो तो स्क्रू सोडवताना. तेव्हा भिंतीतला गंजलेला स्क्रू हटून बसला, तर घरातल्या डावखुऱ्या ताईलाच हाक मारा.