लोकरीचे बहात्तर धागे

धागा-दागिना : भाग ७

कुस्ती म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे लाल माती उभी राहते. अंधेरी पूर्वेच्या साल्सेट पारसी कॉलनीत किंवा जोगेश्वरीच्या माल्कम बागेत मात्र कुस्ती खेळत नाहीत, बांधतात. ही कुस्ती म्हणजे पारशांचा कमरेचा पवित्र धागा. सात-आठ वर्षांची मुलगी तो पहिल्यांदा बांधते तो दिवस म्हणजे तिची नवजोत. झुंजीची कुस्ती आणि धाग्याची कुस्ती, दोन्ही शब्दांचं मूळ एकच असावं, असं काही अभ्यासक मानतात. मल्ल एकमेकांच्या कमरेचा पट्टा धरून झुंजत, त्या पट्ट्यावरून झुंजीला नाव पडलं, असा त्यांचा तर्क.

मागच्या भागात हलव्याचे दागिने पाहिले. या वेळी दागिना नाही, धागाच आहे.

आपल्याकडे मुंज मुलाची. मुलीच्या वाट्याला यायचं ते न्हाण: मखरात बसवणं, ओटी भरणं, आणि तेही पहिली पाळी आल्यावर. पारशांच्या विधीतही ‘नाहण’ आहे, पण ते मुलाला आणि मुलीला सारखंच, आणि वयात येण्याच्या आधी. इथे महत्त्व समज येण्याला आहे. साधारण सात ते अकरा या वयात नवजोत उरकतात.

तयारी काही महिने आधी सुरू होते. बपईजी किंवा ममईजी, म्हणजे वडिलांची किंवा आईची आई, नातीकडून प्रार्थना घोकून घेते. ‘अशेम वोहू’ बारा शब्दांची, ‘यथा अहू वइर्यो’ एकवीस शब्दांची. भाषा अवेस्ता, घरात बोलतात गुजराती नाहीतर इंग्रजी; त्यामुळे पाठांतराला पर्याय नसतो.

मुलीच्या अंगावर येणाऱ्या दोन गोष्टींपैकी पहिली सुदरेह. पांढऱ्या मलमलीचा सैल सदरा. गळ्यापाशी इवलासा खिसा असतो, गिरेबान. त्यात नाणं मावणार नाही. तो सत्कृत्यांचा बटवा समजतात.

दुसरी कुस्ती, आणि खरी कारागिरी तिच्यात. कोकराची लोकर टकळीवर अगदी बारीक कातायची, दोन धाग्यांना एकत्र पीळ द्यायचा आणि ‘जंतर’ नावाच्या छोट्या लाकडी मागावर बहात्तर धाग्यांचा ताणा चढवायचा. बहात्तर का? यस्न या धर्मग्रंथाचे अध्याय तितके. वीण पोकळ नळीसारखी उतरते. विणून झालं तरी ताण्याचं कडं अखंडच असतं. ते कापायचा मान मोबेदाचा, म्हणजे पुरोहिताचा. तो प्रार्थना म्हणून कडं कापतो. मग नळी लांब सुईनं उलटी करतात, जेणेकरून आतली बाजू बाहेर येते. शेवटी दोन्ही टोकांना तीन-तीन गोंडे वळतात, प्रत्येकात चोवीस धागे.

कातणं, विणणं, उलटवणं, गोंडे वळणं हे सगळं बायकांचं काम, विशेषतः मोबेदांच्या घरातल्या. पारशांच्या विधींची तपशीलवार नोंद ठेवणारे जीवनजी जमशेदजी मोदी यांचा ग्रंथ १९२२ साली मुंबईत निघाला, त्यातही हे काम स्त्रियांकडेच दिसतं. नवसारीत कित्येक घरांना त्यातून चार पैसे मिळत. जानव्याचं सूत आपल्याकडे बहुधा पुरुषच काढत, हे इथे आठवून पाहावं. अंधेरीतल्याच एम. एफ. कामा अथोर्नान इन्स्टिट्यूटमध्ये मोबेद घडवले गेले ते सगळे मुलगे. म्हणजे मंत्र पुरुषांच्या तोंडी आणि धागा बायकांच्या हाती, अशी ही वाटणी.

नवजोतीच्या दिवशी उंबरठ्यावर चुन्याची रांगोळी, दारावर मण्यांचं तोरण. ही तोरणंही पारसी बायका हातानंच गुंफत आल्या आहेत. मुलगी नाहणाला जाते. डाळिंबाचं पान चावते, निरंग म्हणजे वळूचं अभिमंत्रित मूत्र घोटभर घेते, मग आंघोळ. अंगाभोवती पांढरी शाल गुंडाळून ती मोबेदासमोर बसते. शेजारी चांदीची सेस, म्हणजे विधीचं ताट, आणि चंदनावर पेटलेला अग्नी.

सुदरेह चढते. मोबेद तिच्या मागे उभा राहून, दोघांची तोंडं पूर्वेला, कमरेला कुस्तीचे तीन वेढे देतो. दोन गाठी पुढे, दोन मागे. ‘तंदुरस्ती’चा आशीर्वाद होताना तांदूळ, डाळिंबाचे दाणे, बदाम आणि खोबऱ्याचे तुकडे डोक्यावरून उधळतात. कपाळाला कुंकू लागतं: मुलाला उभं, मुलीला गोल.

जानवं एकदा घातलं की घातलं. कुस्ती मात्र रोज सोडायची आणि पुन्हा बांधायची. सकाळी उठल्यावर, शौचाहून आल्यावर, प्रार्थनेआधी. लोकर त्यामुळे झिजते, नवी कुस्ती लागत राहते.

विणणारे हात मात्र कमी होत चाललेत. भारतातले पारशी २००१च्या जनगणनेत ६९,६०१ होते, २०११मध्ये ५७,२६४ उरले. १९९९मध्ये युनेस्कोच्या पाठबळावर सुरू झालेल्या ‘पारझोर’ प्रकल्पानं पारसी हस्तकलांच्या नोंदी केल्या. गारा साडीच्या भरतकामाला त्यातून पुन्हा गिऱ्हाईक मिळालं. गारा लग्नात मिरवता येते. कुस्ती सदऱ्यावर, पण कपड्यांच्या आत.

(पुढील भागात : गोराई-मनोरीच्या ईस्ट इंडियन घरांतलं लुगडं)