ढिगाऱ्याखालचे ठोके

अमेरिकेतले निम्म्याहून अधिक अग्निशामक स्वयंसेवक आहेत. त्यांच्या गावच्या दलाकडे नव्या यंत्रासाठी पैसा कुठला? गिऱ्हाईकच असं ओढगस्तीचं म्हटल्यावर गुंतवणूकदार तिकडे फिरकत नाहीत. १९८२ च्या एका कायद्याने यावर तोड काढली. मोठ्या केंद्रीय खात्यांनी बाहेरून करून घ्यायच्या संशोधनाच्या खर्चातला ठरावीक वाटा लहान कंपन्यांसाठी राखायचा. २०१७ साली तो ३.२ टक्के झाला. (लहान म्हणजे ५०० माणसांपर्यंत; आपल्याकडे तिला लहान कोण म्हणेल!) पहिल्या टप्प्यात कल्पना चालते का ते पाहायचं, दुसऱ्यात नमुना बनवायचा. सरकार कंपनीत हिस्सा मागत नाही. बाजारात उतरताना मात्र या योजनेचा पैसा थांबतो, आणि माझ्या मते खरी गोची तिथेच आहे.

ढिगाऱ्याखाली अडकलेली माणसं शोधणारं 'फाइंडर' हे यंत्र मात्र दुसऱ्या वाटेने आलं. अंतर्गत सुरक्षा खात्याच्या पैशातून ते नासाच्या प्रयोगशाळेने घडवलं आणि परवाना खासगी कंपन्यांना दिला. सूक्ष्मलहरी ढिगाऱ्यात शिरतात, श्वासाने आणि हृदयाच्या ठोक्यांनी हलणाऱ्या छातीवर आपटून किंचित बदलून परततात. संगणक बाकी गोंगाटातून तेवढा बदल वेचून काढतो. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमधल्या चौतारा गावात विटामातीखाली अडकलेले चौघे यामुळे जिवंत सापडले.