उष्णतारोधक की उष्णतासह? वाफेच्या इंजिनाच्या रंगाविषयी

निसरपूरला आगगाडी कधी आली नाही. धार जिल्ह्यातले नर्मदेकाठचे हे गाव, ज्याची जुनी वस्ती २०१९ साली सरदार सरोवराच्या पाण्यात बुडाली. तिथल्या माणसाला वाफेचे इंजिन पाहायचे तर घाट चढून महूला किंवा नर्मदा ओलांडून सनावदकडे जावे लागे. तो खंडवा–इंदूर मीटरगेज मार्ग १८७० च्या दशकात झाला, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी कर्जाऊ दिलेल्या एक कोटी रुपयांच्या आधाराने. पाताळपाणी–कालाकुंड घाटातला चढ चाळीसास एक. तो चढताना भट्टी पूर्ण पेटवावी लागे, आणि इंजिनाच्या रंगाची खरी परीक्षा अशाच जागी होते.

असा रंग निवडताना पहिली गफलत शब्दाचीच होते. ‘हीट रेझिस्टंट पेंट’ला आपण सर्रास ‘उष्णतारोधक रंग’ म्हणतो. रोधक म्हणजे अडवणारा. पण या रंगाचा थर जेमतेम मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतका. तो उष्णता काय अडवणार! तो ती फक्त सोसतो. म्हणून त्याला ‘उष्णतासह’ म्हणावे. उष्णता अडवण्याचे काम बॉयलरभोवतीच्या जाड वेष्टनाचे. ‘उष्णतारोधक’ हे विशेषण त्याला शोभते. विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत तरी हे दोन शब्द वेगळे राहावेत.

हा भेद कळला की निवड सोपी होते, कारण मग विचारायचे एवढेच, की नेमका कोणता पृष्ठभाग किती तापतो? स्वातंत्र्यानंतर मीटरगेजवर सर्वत्र दिसणाऱ्या वायपी, वायजी इंजिनांत वाफेचा दाब चौरस इंचाला २१० पौंड असे, म्हणजे आतले पाणी सुमारे २०० अंश सेल्सिअसला. पण त्यावर वेष्टन, आणि वेष्टनावर पत्रा. आपल्याला दिसतो तो हा पत्रा. वेष्टन धड असेल तर त्याला चांगला साधा एनॅमल पुरतो. खरी कसोटी पुढच्या स्मोकबॉक्सची, म्हणजे धुराच्या पेटीची, आणि धुराड्याची. तिथे वेष्टन नसते आणि आतले वायू तीनशे अंशांच्या पुढे जातात. साधा एनॅमल दीडशेच्या आसपासच तपकिरी पडून सोलू लागतो, कारण त्याला बांधून ठेवणारे तेल-राळ कार्बनी असते आणि ते जळते. सिलिकोन रंगाचा कणा सिलिकॉन-ऑक्सिजनच्या बंधांचा. त्यात ॲल्युमिनियमची पूड असली तर तो सहाशे अंशांपर्यंत टिकतो. जस्ताच्या अस्तराचा मोह मात्र इथे आवरावा: जस्त ४१९ अंशांनाच वितळते. पूर्वी जवसाचे तेल आणि ग्रॅफाइट चोळत. स्वस्त होते, पण पुन्हापुन्हा चोळावे लागे.

डब्यावर न वाचली जाणारी ओळ भाजण्याची असते. सिलिकोन रंग नुसता वाळून पक्का होत नाही. त्याला बहुधा दोनशे अंशांच्या आसपास तापवावे लागते, तेही हळूहळू. जाड थर दिला की फोड येतात. गंज वाळूच्या किंवा कणांच्या माऱ्याने उघड्या धातूपर्यंत काढावा आणि थर पातळ ठेवावेत.

स्टेशनांपुढे चौथऱ्यावर मांडलेल्या जुन्या इंजिनांना याच कारणाने हा महाग रंग देऊ नये. त्यांची भट्टी पुन्हा पेटणारच नाही, मग रंग भाजला जाणार कसा? तो मऊच राहतो, आणि चार पावसाळ्यांत खालून गंज फुटतो. सार्वजनिक पैशाची ही उधळपट्टी ‘इंजिन आहे, म्हणजे उष्णतेचाच रंग हवा’ या समजुतीतून होते. थंड इंजिनाचा शत्रू पाणी. त्याला इपॉक्सीचे अस्तर आणि वर उन्हात न विटणारा पॉलियुरेथेनचा थर योग्य. पत्र्याखाली पाणी साचू न देणे तर त्याहून महत्त्वाचे. जुने वेष्टन मात्र कुणी सहज खरवडू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते आणि जुन्या रंगात शिसे. ते काम जाणकारांवरच सोपवावे.